बबनच्या दुकानातले मोठे आकडे

लकडगंजातल्या बबन किराणावाल्याची अक्कल सांगू का तुम्हाले? आधी तो पुऱ्या गल्लीले ऐकू जाईल असा हिशोब सांगे. दुकानात बिलाची मशीन आली अन् त्याची वाचाच बसली. "किती झाले गा?" विचारलं, का म्हणे, "काचेवर पाह्य ना!"

मी जन्माचा आंधळा. म्हटलं, "बबन, माझी काही सोय कर."

दिवाळीनंतर गेलो, तर हात धरून मले मशीनजवळ नेलं. "खास तुह्यासाठी नवी आणली. आकडे दुप्पट मोठे, अन् लालभडक!" दुकानातले शहाणे त्याले शाबासकी देऊन राहिले.

म्हटलं, "एवढा खर्च काहून केला गा? तोंड तर तुले फुकटात भेटलं होतं!"