प्लंबरचा पेला

—आ करा, पाळकसाहेब, अजून मोठा—हां, अस्सा! बोलू नका, कापूस कोंबलाय. दर रविवारी तुम्ही तासभर बोलता न् आम्ही गप्प बसतो, आज माझी पाळी! खिसा काय चाचपताय सारखा? राहू द्या, नंतर बघा. तर तो आपला प्लंबर—नवीन विश्वासणारा, माणूस सरळ, कबूल—पण प्रभुभोजनाला स्वतःचा पेला? अख्खी मंडळी एका प्याल्यातून द्राक्षारस घेते, आणि हा पठ्ठ्या खिशातून स्टीलचा इवलासा पेला काढून म्हणतो, माझा यात ओता! का, तर जंतू! "डॉक्टर, मी लोकांचे पाइप आतून बघितलेत." अरे बाबा, मी तोंडं बघितलीत! सगळ्या मंडळीची! तरी पितो ना? म्हणून मी चारचौघांत म्हटलं, तुझा विश्वास दुबळा आहे. प्रेमानंच म्हटलं हो—जरा मोठ्यानं, पण प्रेमानं.

तर हे प्लंबरसाहेब दोन रविवार फिरकलेच नाहीत. तुम्ही त्याच्या घरी गेलात, समजूत घातलीत, वर आम्हाला उपदेश—दुबळ्यांना सांभाळून घ्या, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. मान सगळ्यांत जास्त कोणी डोलावली? मी! आणि गेल्या रविवारी तो आला, पेला न आणता, आणि बसला कुठं? पहिल्या रांगेत, पहिल्या खुर्चीत! माझ्या! अकरा वर्षं मी तिथं बसतोय—प्याला तिथून सुरू होतो म्हणून नाही काही, तिथं पंखा आहे. भुवया कशाला उडवताय? बरं, मागंही पंखा आहे. बरं, प्याला तिथून सुरू होतो म्हणून! झालं समाधान? हात खाली घ्या, अजून दाताला हात लावला नाही मी.

मग मला कुठं जागा? शेवटच्या रांगेत, ऑर्गनवाल्या मावशींच्या पलीकडं. त्यांची कवळी मीच बसवलीय—रोज धुवा, रोज धुवा सांगून घसा कोरडा पडला माझा. आणि तुमच्या हिरड्यांबद्दल तर मी बोलतच नाही. तर आला प्याला. मी ओठाला लावला, डोळे मिटले, घशातून गटकन आवाजसुद्धा काढला—आणि प्यायलो नाही. डोळे उघडले तर तो प्लंबर मान वळवून माझ्याकडंच बघतोय! देवाच्या घरात मागं वळून बघतात का? घरी बायको म्हणाली, जेवत का नाही? काय सांगू तिला? प्रभूच्या मेजाशी बसून नाटक केलं मी, पाळकसाहेब. लाज वाटली हो, फार लाज वाटली. म्हणून एकच विनंती—त्याला त्याचा पेला आणू द्या. बिचारा दुबळा आहे, आपण सांभाळून घेऊ. आणि माझी खुर्ची मला.

हसू नका, कापूस पडेल! आता परत खिसा? काढा बघू काय आहे ते एकदाचं—रुमालात काय गुंडाळलंय? हा तर त्याचाच पेला. घासूनपुसून. मी देऊ त्याला? नाही? मग कुणाला—मला? त्यानं दिलाय? थांबा, कापूस काढतो, नीट बोला. काय म्हणाला?

"डॉक्टरांना जमेपर्यंत वापरू द्या"?

चारचौघांत नाही म्हणाला? फक्त तुमच्या कानात?

गुळणी करा, पाळकसाहेब. नाही, दात आज नको, दिवा बंद करतोय मी. पुढच्या आठवड्यात या. या आता तुम्ही—पेला तेवढा इथं राहू द्या.