शिंपीकाकांची सहा रोपं

— नाही नाही, बियांच्या पाकिटावरच्या चित्रावर जाऊ नका ताई, चित्रातला टोमॅटो छापणाऱ्याच्या शाईवर वाढतो. आधी मला जागा सांगा. मागच्या दाराशी? चार पावलं लांब, दोन पावलं रुंद — बरं. आणि ऊन? आठपासून दोनपर्यंत, म्हणजे पुरे झालं. आता मोठाही हवा आणि भरपूरही हवा, हे सगळेच मागतात, तुम्ही काही वेगळं नाही मागितलंत. पण रोपाच्या अंगात दम असतो तेवढाच असतो. अर्धा-अर्धा किलोची फळं देणारा वेल एका वेळी चार-पाच धरेल, आणि तीही उशिरा, तुमची चिकाटी संपत आली की मग. मुठीएवढा मध्यम लावाल तर टोपली भरेल. म्हणून म्हणते, दोन रोपं मोठ्याची न्या, चार मध्यमची. सहाच्या वर एक नको, गर्दी झाली की पानंच पानं. मोठ्याला काठी लागते, तुमच्या उंचीची, आणि ती आजच रोवायची, नंतर रोवाल तर मुळं तुटतील. पानांच्या बगलेतून फुटवे येतात ते खुडायचे. पाणी रोज सारखं — एक दिवस कोरडं नि दुसऱ्या दिवशी बादलीभर, असं केलंत की फळ तडकलंच म्हणून समजा. बसा ना त्या बाकावर, मलाही जरा टेकू दे. सकाळपासून वाकून वाकून कंबर माझी राहिलीच नाहीये.

काय म्हणालात? — सहाही मोठ्याचीच हवीत. कोणासाठी, असं नाही विचारत मी. पूर्वी विचारायचे. आता विचारलं की ऐकावं लागतं, आणि ऐकलं की… असू दे. असेच एक यायचे, शिंपीकाका. पलीकडच्या वळणावर त्यांचं दुकान आहे, एक मशीन, एक आरसा. तेही सहाच मागायचे, सहाही मोठ्याची. त्यांनी जन्मात मातीत हात घातला नव्हता. घरामागची बाग काकूंची. भिंतीला लागून टोमॅटो लावायच्या त्या, एकेक असा की दोन्ही हातांत धरावा लागे, आणि गल्लीत वाटायच्या. काका मदतीला गेले तर म्हणायच्या, तुमचे हात सुईचे, तुम्ही लांब राहा. मग काकू विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग दिवस, मग माणसं. काकांनाच एकदा विचारलं म्हणे, दुकान कधी उघडतं हो शिंप्याचं? ते हसत सांगत होते मला, इथेच बसून. पण टोमॅटो नाही विसरल्या. बाग केव्हाच सुकलेली, नुसती माती, आणि काकू मागच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि रोज विचारायच्या, लाल झाले का? रोज. तर काकांच्या मनानं घेतलं की आपण लावू. तसेच मोठे. एक तिच्या हातात दिला की झालं. एवढंच हवं होतं त्या माणसाला.

आता ऐका, कारण सांगायला घेतलंय तर अर्धवट नको. तेव्हा मोठ्या वाणाच्या रोपांचा माझ्याकडे एकच ट्रे होता, आणि तो मेला. माझ्याच हातानं मेला — संध्याकाळचं पाणी दोनदा घातलं गेलं, विसरले मी, सगळी रोपं बुडाशी सडून आडवी. काका आले तेव्हा म्हटलं, परवा या. परवा आले, म्हटलं, अजून लहान आहेत, सोमवारी या. दुसरीकडून आणून देऊ असं मनात होतं, पण नाही जमलं. तेव्हा ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये, घर आणि हे सगळं मीच ओढत होते — ते जाऊ दे, सबबी सगळ्यांकडे असतात. सोमवारी काका आले, घामेजलेले, हातात पुठ्ठ्याचं खोकं, आत ओलं फडकं घडी करून घातलेलं, रोपांना प्रवासात त्रास नको म्हणून. दोन फेऱ्या झाल्या होत्या त्यांच्या. मला नाही म्हणवेना. शेजारी बारक्या टोमॅटोचा ट्रे होता, चेरी म्हणतात ना, गोटीएवढा. रोप लहान असताना पानावरून काय कळतंय? मी त्यातली सहा काढली नि खोक्यात ठेवली. हीच का, म्हणाले. मी म्हटलं, हीच.

मग त्यांनी काय नाही केलं! गळ्यातल्या टेपनं रोज उंची मोजायचे आणि ज्या वहीत गिऱ्हाइकांची छाती-कंबर लिहितात तिच्यात लिहायचे. पहिलं, सव्वाअकरा इंच. दुसरं, बारा. रविवारी वही घेऊन यायचे दाखवायला, आणि मी बघायचे हो, मान हलवायचे. फुलं आली, फळं धरली, आणि ती काही वाढेनात. गोटीएवढीच लाल झाली. काकांनी तरी मूठभर तोडून काकूंपुढे धरली. त्यांनी बघितलं, आणि हातानं बाजूला सारली. म्हणाल्या, ही माझी नाहीत.

त्यानंतर लाल झाले का हे त्यांनी कधी विचारलं नाही. खुर्ची दारातच असायची, पण विचारायच्या नाहीत.

काका आले माझ्याकडे. भांडायला नाही, विचारायला. माझं कुठं चुकलं? पाणी कमी पडलं का? खत जास्त झालं का? मी म्हटलं, ऊन कडक होतं यंदा. असं म्हटलं मी. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी मोठ्याचं बी मी स्वतः पेरलं, रोपं स्वतः नेऊन लावून दिली, आठवड्याला दोनदा जायचे बघायला. असले टोमॅटो आले — एकाचा घेर चौदा इंच, टेपनंच मोजला. पण तोवर काकू अंथरुणाला खिळलेल्या, मूठ मिटलेली, ती उघडेचना. काकांनी तो उशाशी ठेवला, आणि तिथेच तो मऊ पडला. थंडी सरायच्या आत काकू गेल्या.

आणि तरीही काका आले, तिसऱ्या वर्षी. म्हणाले, आता हात बसलाय तर लावतो, तिनं लावले असते. तेव्हा मला राहवलं नाही. तुम्ही बसलात तिथेच बसवलं आणि सगळं सांगितलं. ट्रे मेला इथपासून. मला वाटलं, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाले, "म्हणजे माझं पाणी बरोबर होतं?"

मी म्हटलं, "हो काका."

"आणि खत?"

"खतही बरोबर होतं."

"मी तिला रोज सांगायचो," म्हणाले, "की माझ्यानंच बिघडलं, तुझी बाग माझ्यानं बिघडली. शेवटपर्यंत सांगत होतो."

उठले आणि गेले. रोपं बांधून ठेवली होती, ती तशीच राहिली. पुन्हा आले नाहीत. दुकान उघडं असतं, मशीनचा आवाज येतो, मी रोज त्याच रस्त्यानं जाते. मान वर करत नाहीत ते. करतही असतील — मी बघत नाही.

कशाला सांगितलं मी हे तुम्हाला. रोपं घ्यायला आलात तुम्ही. ही घ्या, सहा, सहाही मोठ्याचीच, बी मी पेरलंय, नावाची चिठ्ठी मी लावलीय. पिशवी आडवी करू नका. — पानं काय निरखताय? पानांवरून नाही कळत, तेच तर सांगत बसले ना इतका वेळ. तीन महिने माझ्या शब्दावरच वाढवायची आहेत. नको असतील तर ठेवा खाली, मी काही मनाला लावून घेणार नाही.

नेताय? बरं. मग ऊन चढायच्या आत निघा. मला पाणी घालायचंय — एकदाच.