अख्खा समुद्र

इंग्लंडमधल्या लिंकन शहरात महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या बससाठी रांग लागली होती. माझ्यामागे काठी टेकत एक बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे कोटावर पदकं लावलेले एक म्हातारे गृहस्थ.

"तुमचं कोण होतं, बाई?"

"भाऊ. ऑझी पिकवर्थ. बॉम्बर विमानात वाट दाखवायचा."

"म्हणजे तुम्ही म्युरिएल? मी थॅकरे. त्याच्याच विमानात शेपटाकडची बंदूक माझ्याकडे होती."

"अगंबाई. घरी त्याला बाजारातून परतायचा रस्ता सापडायचा नाही हो. आई म्हणायची, हा जर्मनीहून परत कसा येणार?"

"आम्हाला मात्र दर वेळी आणलं त्यानं. शेवटच्या रात्रीसुद्धा."

"शेवटच्या? तो तर तिकडेच गेला ना? गोळा लागला आणि क्षणात गेला, असं आईला कळवलं होतं."

"आईला सोसवेल एवढंच कळवलं आम्ही. हॉलंडचा किनारा सोडताना त्याच्या पोटात लागलं. कुणाला सांगितलं नाही त्यानं. हेडफोनमधून त्याचा आवाज येत राहिला, थोडं डावीकडे घे, आता सरळ चल."

"कुठवर?"

"अख्खा समुद्र. धावपट्टीचे दिवे दिसले तेव्हा वैमानिक म्हणाला, शाबास, ऑझी. उत्तर आलं नाही."

बाईंनी दोन्ही हात काठीवर ठेवले.

"टेकता का जरा त्या बाकावर?"

"नको, उभी राहते. बाकीचे?"

"आम्ही सहाही जण उतरलो."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको, तीन मुली. नातवंडांनी तर घर भरलंय."

"नावं सांगा ना त्यांची. सगळ्यांची सांगा."