गुलाबी पाण्याचा रिपोर्ट

क्षमा : पण धोब्याचे सतरा घरं आजोबा-पणजोबापासून त्याच घाटावर कपडे धुऊन राहिले ना जी. आजपर्यंत नळाले गुलाबी पाणी नाही आलं, अन् या सोमवारीच काहून आलं?

शेखर : सोमवारी आलं म्हणून तर चौकशी सोमवारची आहे. तू आता मले पनखटिया तालाब नको शिकवू. आख्खा वार्ड त्या तालाबाचं पाणी पिते, अन् ते साफ ठेवायचं काम सरकारनं कोणाले दिलं? मले. आपलं शहर राजधानी झाल्यापासून त्या तालाबावर माझ्याएवढे भाषणं कोणी दिले नसतीन.

क्षमा : हव, मागच्या वर्षी भाषण देता देता पायरीवरून घसरले होते.

शेखर : भाषण पूर्ण करून घसरलो. आता लिहू दे. साहेबाले अकरा वाजता सहीसकट रिपोर्ट पाहिजे. 'धोबीघाट के रंगीन कपड़ों से जल दूषित पाया गया.' पाह्य, अक्षर कसं आलं आहे.

निधी : मम्मी, बाल्टी में फिर वही आया। मैंने नल पर कपड़ा बाँधकर छाना है।

शेखर : निधी, पाणी भरू नको म्हटलं ना तुले. कालच पंपावरच्या धर्मपालले सांगून पंप बंद केला. हे पाइपात उरलेलं आहे.

निधी : भर नहीं रही पापा, जाँच रही हूँ। आप तो बिना जाँचे ही लिख रहे हो।

शेखर : ऐकलं? अकरावीतली पोट्टी. हिले सायन्स घेऊ दिलं, तिथंच चुकलो मी.

क्षमा : काय निघालं गं फडक्यात?

निधी : चमकी। सुनहरी वाली। और ये थोड़ी घास।

क्षमा : घास नाही बाई, दूर्वा आहे. तीन पानाची. अहो, धोबी कपड्यासंगं दूर्वा धुतात का?

शेखर : कोणाच्या खिशात राहिली असन.

क्षमा : अन् चमकी?

शेखर : साडीची.

क्षमा : ही साडीची नाही. गणपतीच्या मुकुटाची आहे. गोल बाजारातून दरवर्षी मी आणते, मीच चिकटवते. मले ओळखू नाही येणार?

शेखर : गणपती तालाबात जातच नाही आता. तेच तर मी बंद केलं. वेगळं विसर्जन कुंड कोणी बांधलं? उद्घाटनाचा फोटो पेपरात आला होता, त्यात मी होतो.

निधी : आधे थे पापा। पीछे से।

शेखर : अर्धा तर अर्धा. यंदा नऊशेच्या वर गणपती गेले कुंडात. तालाबात एक नाही. मोठमोठे इंजिनीअर पाहून गेले.

निधी : तो तब से बारिश भी तो हो रही है। कुंड भर गया होगा। पानी बाहर नहीं गिरा?

शेखर : बाहर कसं पडन? मी अडाणी आहो का? ओव्हरफ्लोचा पाइप दिला आहे ना. टाकी म्हटली की ओव्हरफ्लो पाहिजे. अठरा वर्षांच्या नोकरीत बिना ओव्हरफ्लोची एक टाकी नाही बांधली मी.

निधी : वो पाइप जाता कहाँ है?

शेखर : उताराकडे.

निधी : और उतार किधर है?

(शेखर हातातला पेन खाली ठेवतो.)

शेखर : तालाबाकडे.

क्षमा : तालाबात कुठं?

शेखर : पंपाच्या विहिरीपासून वीस फुटावर. तिथं जमीन सगळ्यात खाली आहे.

क्षमा : अग बाई.

शेखर : नकाशात मी बाण काढला, अन् बाणाच्या टोकावर लिहिलं 'प्राकृतिक नाला'. आम्ही नेहमीच तसं लिहितो. नाला कोणता, ते पाहायले मी गेलोच नाही. म्हटलं, असनच कुठंतरी. नकाशात बाण चांगला दिसत होता.

क्षमा : म्हणजे ते गुलाबी पाणी...

शेखर : गुलाल आहे. पहिले लोक चारही घाटावर गणपती शिरवत होते, तर पूर्ण तालाबात पांगून जात होतं, पाण्याले समजतही नव्हतं. मी काय केलं? नऊशे गणपती एका जागी जमा केले, चांगले आठ दिवस भिजवले, अन् पाइप लावून सगळ्यांच्या घरी पोचवले. एवढं तर कोणी दुश्मनानं नसतं केलं. त्याले सायन्स लागते.

निधी : पापा, पहले पाइप बंद करवाओ।

शेखर : हव, फोन दे. ...हॅलो, धर्मपाल? कुंडाच्या मागं माझा एक पाइप आहे. हव, तोच, ज्याच्यासाठी मी पेढे वाटले होते. त्याच्या तोंडात पोतं कोंब अन् वरून सिमेंट मार. आत्ता. नाही, पंप सुरू नको करू. टँकरचं मी पाहतो. ...काहून म्हणजे? मी गाढव आहो म्हणून. ठेव.

क्षमा : अन् हा रिपोर्ट?

शेखर : हा तर लिहून झाला आहे.

क्षमा : उद्या त्यांचा घाट तुटन.

शेखर : माहीत आहे. बुलडोझरचं पत्र मीच काढलं. ...क्षमा, प्रमोशनची यादी याच महिन्यात निघून राहिली आहे. मी काय म्हणतो, पाइप तर बंद होऊन जाईन. चार दिवसांत पाणी साफ. धोब्याले दुसरी जागा भेटनच.

क्षमा : कुठं?

शेखर : रिपोर्टमध्ये लिहिलं आहे. 'अन्यत्र'.

क्षमा : ते अन्यत्र कुठं आलं जी? तिकडं शहराबाहेर, सिलतऱ्याच्या अलीकडं का पलीकडं?

शेखर : तू पण ना.

क्षमा : मी विचारून राहिली. त्यांच्या बाया डोक्यावर गाठोडे घेऊन जातीन, त्याइले पत्ता लागन.

शेखर : काल नत्थू धोबी आलता ऑफिसात. हात जोडून म्हणे, "साहब, ये रंग हमर नोहय." अन् मी काय म्हटलं असन? "जाँच में सब सामने आ जाएगा." असा आवाज जाड करून म्हटलं, जसा काही मी हायकोर्टाचा जज आहो. त्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताले साबणानं भेगा पडल्या आहेत, ते पाहत होतो अन् बोलत होतो. मले लाज वाटून राहिली, क्षमा. खरोखरची.

निधी : तो दूसरी लिखो न पापा।

शेखर : तू लिही. माझा हात सरकारी झाला आहे, तो आपोआपच 'अज्ञात कारणों से' लिहिते. घे कागद.

निधी : 'विसर्जन कुंड के ओवरफ्लो का पानी तालाब में गया। धोबियों का इसमें कोई दोष नहीं है। घाट न तोड़ा जाए।' ठीक?

शेखर : ठीक.

निधी : आगे? 'नक्शे में गलती रह गई थी'?

शेखर : असं लिहिलं तर नकाशाले सस्पेंड करतीन. 'गलती मेरी है' लिही. खाली पूर्ण नाव. शेखर दिवाकर बोंदरे, उप-अभियंता.

क्षमा : प्रमोशनचं नका मनाले लावून घेऊ. अठरा वर्षं झाले, मले उप-अभियंत्याचीच सवय आहे. पोहे खाऊन जा.

शेखर : आल्यावर खातो. आधी नत्थूच्या घरी जातो, मग ऑफिस.

निधी : साइन की जगह छोड़ दी है पापा। ऑफिस में सील लगाकर कर लेना।

शेखर : नाही, पेन दे इकडं. आत्ताच करतो. ऑफिसात पोचेपर्यंत माझा काही भरोसा नाही.