दुसरी पिशवी

(बीडमधला एक दवाखाना, सकाळची वेळ. टेबलापलीकडे बायकांच्या डॉक्टर वनमालाबाई. समोर नेकनूरचे माजी सरपंच सुंदरराव आणि त्यांच्या पत्नी बायनाबाई. खुर्ची पुढे ओढून बसलेत ते सुंदरराव.)

डॉक्टर : मी विचारलं त्यांना. उत्तर तुमच्याकडून आलं.

सुंदरराव : एकच हाय मॅडम. मी बोललो काय अन् ही बोलली काय. खोकला हाय. बारा वर्सं झाली.

डॉक्टर : खोकला तुम्हाला आहे?

सुंदरराव : मला कावून आसंल? हिला हाय.

डॉक्टर : मग बायनाबाई, कधी येतो खोकला? सकाळी येतो, झोपल्यावर येतो?

सुंदरराव : येतच न्हाई.

डॉक्टर : येत नाही.

सुंदरराव : म्हंजी मी तर कधी ऐकला न्हाई. पण औषधाची बाटली संपली की हिचं घराभाईर पाऊल पडत न्हाई. माझ्या भाचीचं लगीन होतं धर्मापुरीला. मी फेटा बांधून तयार, गाडी दारात, अन् ही म्हणती, बाटली संपली, मी येत न्हाई. बहीण आजून बोलत न्हाई माझ्याशी.

डॉक्टर : खोकला नसताना बारा वर्षं खोकल्याचं औषध घेतायत, आणि तुम्ही आणून देताय.

सुंदरराव : इमानदारीनं. शेवटाला छातीच्या डॉक्टरला दाखवलं. फोटो काढला, छाती साफ. मंग त्यानं हिला एकटीला आत घेतलं धा मिनिटं, अन् चिठ्ठी दिली तुमच्या नावाची. म्हणलं, आमी खोकला घिऊन आलो अन् ह्यो बाळंतपणाच्या दवाखान्यात धाडतोय. दुसऱ्याची चिठ्ठी दिली आसंल चुकून. तरी आलो. डॉक्टरचा मान ठिवावा लागतो.

डॉक्टर : चुकून नाही दिली. चार ओळी आहेत. वाचू का, बायनाबाई?

बायनाबाई : नगं.

सुंदरराव : कावून नगं? वाचा मॅडम. आमचं झाकून ठिवण्यासारखं काय न्हाई.

डॉक्टर : तुमचं नसेल. तुम्ही जरा बाहेर बसता का?

सुंदरराव : मी मालक हाय तिचा.

डॉक्टर : म्हणूनच विचारते.

बायनाबाई : राहू द्या बाई. भाईर बसले तर समद्या दवाखान्याला इचारत फिरतील, आत काय चाललंय म्हणून.

डॉक्टर : ठीक. आधी दुसरं विचारते. पोटाचं ऑपरेशन कधी झालंय?

सुंदरराव : पिशवी काढलीय. एकोणीस वर्सं झाली. पुरा इलाज केलता आमी, कसर न्हाई ठिवली.

डॉक्टर : तेव्हा वय काय यांचं?

सुंदरराव : एकतीस.

डॉक्टर : कशासाठी काढली?

सुंदरराव : पिशवीचा तरास होता म्हणून.

डॉक्टर : काय त्रास?

सुंदरराव : तेच. पिशवीचा.

डॉक्टर : सुंदरराव, अंगावरून जायचं? पोटात दुखायचं? गाठ होती?

सुंदरराव : ते बायकांचं बायकांत झालतं. हिनं माझ्या आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, मी डॉक्टरला सांगितलं.

डॉक्टर : म्हणजे डॉक्टरांनी पेशंटकडून काहीच ऐकलं नाही.

सुंदरराव : ऐकायचं काय? आमी म्हणलो पिशवीचा तरास. डॉक्टर म्हणले, न्हाई काढली तर कॅन्सर हुईल. पाच मिनिटांत तारीख दिली. आता ते तिथं नसतेत. तिथं फर्निचरचं दुकान झालंय.

डॉक्टर : बायनाबाई, तुम्ही सासूबाईंना काय सांगितलं होतं? नेमका शब्द.

बायनाबाई : पिशवी ढिली झालीय म्हणलं होतं.

डॉक्टर : कोणती?

सुंदरराव : कोणती म्हंजी? बाईला किती पिशव्या असत्यात?

डॉक्टर : तुम्हाला आहे तेवढी एक, आणि वर एक. तुम्हाला आहे ती लघवीची. बायनाबाई, कोणती म्हणत होतात?

बायनाबाई : दुसरी.

सुंदरराव : दुसरी कोणती?

बायनाबाई : जी आजून हाय ती.

डॉक्टर : आता सांगा. मीही बाईच आहे, आणि दिवसातून आठ जणींकडून हेच ऐकते.

बायनाबाई : तिसऱ्या बाळंतपणापासनं हाय. शिंकले की जाते. हासले की जाते. हंडा उचलला, गाडी खड्ड्यातून गेली, की लुगडं भिजतंय. खोकल्यानं सगळ्यात जास्ती. म्हणून खोकला येऊच न्हाई म्हणून ते औषध घेते.

डॉक्टर : येण्याआधीच.

बायनाबाई : आला की उशीर होतो बाई.

सुंदरराव : थांब. म्हंजी मांजरसुंब्याला हरएक खेपेला चहा पायजे म्हणून उतरतीस, अन् चहा तसाच ठिवतीस, ते…

बायनाबाई : ढाब्याच्या मागं सोय हाय.

सुंदरराव : लई झालं. अन् मी मानसांत सांगत फिरलो, हिला माझ्या भैनीचं बघवत न्हाई. अगं, मग मला सांगायचं. मी काय वाघ हाय?

बायनाबाई : कसं सांगू? भरल्या घरात बाईनं म्हणायचं, मला मूत धरवत न्हाई?

डॉक्टर : झालं. एवढंच वाक्य हवं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी कुणी ऐकलं असतं तर एक अवयव वाचला असता.

सुंदरराव : म्हंजी ती पिशवी…

डॉक्टर : तिचा काही दोष होता असं निदान तुमच्या बोलण्यात तरी दिसत नाही. तुम्ही सरपंच होतात. गावात नळयोजना आणली असेल.

सुंदरराव : आणली की. माझ्याच काळात.

डॉक्टर : नळ गळतो अशी तक्रार आली, तर टाकी पाडाल?

सुंदरराव : पागल हाय का मी?

डॉक्टर : इथं तर टाकीही पाडली नाही. शेजारची खोली पाडली. नळ तसाच गळतोय.

सुंदरराव : हिला तर तवाच बरं वाटलं होतं. मी गावात पेढे वाटले.

बायनाबाई : शुद्धीवर आले तवा खोकला आला. तवाच कळलं. चादर वली झाली, सिस्टर म्हणली, सलाइनचं पाणी आसंल.

सुंदरराव : मंग बोलली कावून न्हाईस?

बायनाबाई : तुमी पेढे वाटून आलतात.

डॉक्टर : बरं. आता इलाज ऐका. दोघांनी ऐका, उत्तर एकीनंच द्यायचं. लघवीची नळी ज्या स्नायूंवर टेकलेली असते ते सैल झालेत. पहिला इलाज व्यायाम. लघवी मधेच रोखल्यासारखे ते स्नायू आवळायचे, सोडायचे. रोज तीन वेळा, तीन महिने. आमच्याकडच्या व्यायामाच्या ताई शिकवतील. नेटानं केला तर बऱ्याच जणींना त्यावरच फरक पडतो.

सुंदरराव : अन् लवकरचं काय हाय?

डॉक्टर : पट्टी. बोटभर रुंदीची जाळी, नळीखाली झोपाळ्यासारखी बसवायची. दोन-तीन बारीक छेद, अर्धा तास, दुसऱ्या दिवशी घरी. दहातल्या आठ जणींना चांगला आराम पडतो.

सुंदरराव : नळाला वायसर टाकल्यासारखं.

डॉक्टर : वायसर म्हणा. पण नळ त्यांचा आहे. आणि उरलेलंही ऐका. काहींना पट्टीनंतर लघवी अडते, काहींना जाळी टोचते. थोड्यांनाच, पण होतं. आणि एकदा बसवलेली पट्टी सहजी काढता येत नाही. तिसरं, नळीच्या तोंडाशी इंजेक्शन. कापाकापी नाही, पण असर कमी, वर्ष-दोन वर्षांनी परत घ्यावं लागतं.

सुंदरराव : पट्टी लावून टाका. आजच. सही कुठं करू?

डॉक्टर : तुम्ही नाही करायची.

सुंदरराव : मागं मीच केलती.

डॉक्टर : त्याचा नमुना समोर बसलाय.

बायनाबाई : बाई, एक इचारू? ह्या बारीला काय काढणार?

डॉक्टर : काहीच नाही.

बायनाबाई : पट्टी लावायला जागा करावी लागत आसंल. काय तरी काढावंच लागत आसंल.

डॉक्टर : नाही बायनाबाई. तुमच्यातलं काहीही बाहेर येणार नाही.

बायनाबाई : तुमी आत गेल्यावर म्हणाल, हे बी खराब दिसतंय.

डॉक्टर : तुम्ही जाग्या असाल. कमरेत इंजेक्शन देऊ, मी काय करते ते बोलत राहीन. लिहूनही देते, पट्टीखेरीज काही नाही.

सुंदरराव : ऐकलंस? लिहून देत्यात. हो म्हण.

बायनाबाई : तुमी गप्प बसा की जरा. तवा बी हेच म्हणालतात, हो म्हण.

सुंदरराव : बरं. बसलो.

बायनाबाई : आदी व्यायाम करते, तीन म्हैनं. फरक पडला तर बरं, न्हाई तर पट्टी. पर ते मी येऊन सांगंन. ह्येंच्याकडून निरोप आला तर धरू नगा.

डॉक्टर : लिहून ठेवते. आता एक तपासणी. बाहेर सोनोग्राफीसाठी पाणी प्यायला लावलं होतं, लघवीची पिशवी भरलेली आहे ना? पडद्याआड उभं राहायचं आणि जोरात खोकायचं.

बायनाबाई : हितं? फरशीवर जाईल.

डॉक्टर : जाऊ द्या. किती जातं तेच बघायचंय मला.

सुंदरराव : मी भाईर बसतो मंग. तसं बरं दिसत न्हाई.

बायनाबाई : बसा हितंच, पडद्याच्या अलीकडं.

सुंदरराव : मी काय करू हितं बसून?

बायनाबाई : काय न्हाई. ऐका निस्तं.