मूकपटात आमचे हे बोलले

नाही, पण बोलले! तुम्हाला सांगते, आमचे हे बोलले! तेही माइकवर, अख्ख्या कंपाउंडसमोर! अहो, हे भूल देणारे डॉक्टर, इथे सौदीत, जिझानच्या हॉस्पिटलात. पेशंटला झोपवायचं आणि गप्प बसायचं, त्यातच हयात गेली. घरी शब्द किती? तीन! 'हं', 'बरं' आणि आमटीत मीठ कमी पडलं तर 'सुधा'. माझं नाव हो, तेवढ्यापुरतं!

झालं काय, आमच्या कंपाउंडच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या वसाहतीच्या, हॉलमध्ये रुचाने सिनेमा ठेवला. फिजिओथेरपिस्ट आहे, पण हौस केवढी! "सुधाताई, शंभर वर्षांपूर्वीचा घोडेवाल्यांचा मूकपट आहे, याच!" म्हटलं, मूकपट? तो मी घरी रोज बघते! पण गेले. पडद्यावर घोडे, टोप्या, धूळ... खिडकीबाहेरही धूळच! आणि जुन्या काळी पडद्याशेजारी उभा राहून एक जण गोष्ट सांगायचा म्हणे, तसे आमचे रत्नागिरीचे हनीफभाई सगळ्यांचे आवाज काढणार होते. नेमका त्यांचा घसा त्या धुळीने बसला! "वहिनी, आवाज खलास," एवढंच फुसफुसले. रुचा रडकुंडीला, पब्लिकचं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, आटपा, सुरू... आणि आमचे हे उठले. मला वाटलं, बाथरूमला चालले असतील. माइक घेतला! बोलले!

तो घोडेवाला विहिरीपाशी त्या झालरवाल्या बाईसमोर उभा, आणि हे म्हणतात कसे, अगदी हळू, "तू रोज या वेळेला पाण्याला येतेस, म्हणून मी घोडा आणतो. घोड्याला तहान नसते गं. बिचारा माझ्यासाठी पितो."

अहो!! माझ्या हातातला समोसा खाली पडला! समरीन सिस्टर ओढणीने डोळे पुसतेय, हनीफभाई तसल्या घशाने "वाह" करतायत... आणि मी? हा माणूस कोण? एवढं पोटात होतं, तर मला का नाही? वीस वर्षांत एक घोडा नाही, एक विहीर नाही! खरं सांगते, वाईट वाटलं. हेवा वाटला हो मला त्या बाईचा, जिला मरूनसुद्धा जमाना झाला असेल!

गाडीत बसल्याबरोबर मी सुरू. कुणाला म्हणालात ते? कधी सुचलं? मला का नाही कधी?... घर येईपर्यंत! गाडी बंद करून हे म्हणाले, "ती बाई मध्ये थांबते गं. म्हणून बोलायला जागा मिळाली."

म्हणजे चूक माझी!

बरं. काल ठरवलं, थांबायचं. जेवायला बसलो, मी गप्प. आमटी-भात झाला, गप्प. आता बोलतील, मग बोलतील... ह्यांनी चमचा ठेवला, आत गेले, आले ते बीपीचं मशीन घेऊन! माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला हो ह्यांनी. म्हणाले, "सुधा, बोल ना काहीतरी. भीती वाटते मला."

बोलले! आणि आमटीत मीठ बरोबर होतं!

बीपी मात्र वाढलेलं निघालं. गप्प बसून वाढणारच की! आता महिनाभर आमटीत मीठ कमी घालायचंय... चला, निदान रोज एकदा 'सुधा' तरी ऐकू येईल!