अटी मान्य केल्या कोणी?

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, म्हणजे बहुतेक.

माझ्या पुतणीची सोयरीक तुमसरला जुळत आली होती. होकार कळवायला मुलाच्या वडिलांनी मला फोन लावला, तर त्यांच्या कानात चावट गाणं वाजलं. त्यांनी फोन ठेवला, तो ठेवलाच.

मी तडक कंपनीला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "सर, आमच्या जाहिरातीच्या फोनवर तुम्ही एक दाबून ही कॉलर ट्यून घेतली. अटी तुम्हाला मान्य होत्या."

"कोन्त्या अटी वो बाई? मी तं फोन बंद कराले बटन दाबलं!"

"वेबसाइटवर आहेत, सर. वाचायला हव्या होत्या."

माझं टाळकंच सरकलं. "आमच्या दिघोरीत तलावाचा लिलाव असला का कोतवाल चौकात दवंडी देऊन एकेक अट वरडून सांगते. तुम्ही अटी लपवून ठेवता, अन् चूक मायी काहून? पोरीची सोयरीक मोडली, ते कोन जोडून देईन?"

बाई हळूच म्हणाली, "चूक आमचीच आहे, सर."

ती बाई तेवढी मी बनवली. तिकडे मशीन होती, 'अटी मान्य आहेत' एवढंच घोकणारी. चूक कबूल करायला त्यांनी माणूसच ठेवला नाही.